दारापाशीचा खुंटा

व्हर्ना क्लासेन कचेरीत शिरायची ती देवीची स्वारी निघाल्यासारखी. आधी दार उघडायचं आणि गार वाफेचा एक लोट आत यायचा, मागून हेल्मेट, आणि हेल्मेटच्या खाली पापण्यांवर पांढरा बर्फ धरलेली व्हर्ना. बाहेर उणे वीस असो की उणे तीस, विनिपेगच्या हिवाळ्यात ही बाई सायकलवर कामाला यायची. आता सायकलला दोन चाकं असतात, पायडल मारलं की ती पुढे जाते. यात बाईचं कर्तृत्व किती आणि सायकलचं किती, हा प्रश्न कुणालाच पडत नसे. गारपीट विम्याची कचेरी ती. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या गव्हावर गारा पडल्या की श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि हिवाळ्यात बसून करायचं काय, तर व्हर्नाचं कौतुक.

"आली बाई आमची वाघीण."

"पापण्या बघा तिच्या. खरा बर्फ आहे."

खोटा बर्फ चिकटवून कोण येणार होतं?

आणि देलोर्म साहेब, ज्यांनी स्वतःच्या बायकोला कधी पाण्याचा पेला उचलून दिला नसेल, ते उठून आपल्या हाताने व्हर्नासाठी कॉफी ओतायचे. दोन्ही हातांनी कप पुढे करायचे, नैवेद्य दाखवावा तसा. "ह्या वयात," म्हणायचे, "काय हे काळीज."

ह्या वयात. ओरिसिया वोलोशिन समोरच्या टेबलावर बसून हे ऐकायची आणि हातातली टाचणी कागदात खुपसायची. कागदालाच लागायची, एवढंच दुःख. ती व्हर्नापेक्षा एका उन्हाळ्याने लहान होती, आणि तिचं काळीज काय कुणाकडून उसनं आणलेलं होतं? पण तिला कॉफी कुणी दिली नाही. कॉफीचं यंत्र बंद पडलं की ती त्याला थापट मारून सुरू करायची, इतकाच तिचा आणि कॉफीचा संबंध.

तसं ओरिसियाला काही कमी होतं असं नव्हे. तिच्याकडे खुंटा होता. कचेरीच्या आवारात गाड्या लावायला जागा पुष्कळ, पण प्लगाचे खुंटे मोजकेच. तिकडच्या गाड्यांच्या नाकातून वायर लोंबत असते. ती खुंट्यावरच्या प्लगात खोचली की दिवसभर इंजिनाला ऊब मिळते आणि संध्याकाळी गाडी एका हाकेत उठते. खुंटा नसला की संध्याकाळी गाडी म्हणजे बर्फात पुरलेला दगड. असे खुंटे मागून मिळत नाहीत. कुणी निवृत्त व्हावं लागतं, नाहीतर मरावं लागतं. दाराला अगदी चिकटून असलेला पहिला खुंटा ओरिसियाला फ्लॉरेन्स हूपर वारली तेव्हा मिळाला, आणि फ्लॉरेन्सच्या दफनाला ओरिसिया सगळ्यांपेक्षा जास्त रडली ती उगाच नाही.

पण खुंट्याचं कौतुक कोण करतं? उबदार गाडीतून उतरून, केस न विस्कटता, चार पावलं चालून आलेल्या बाईकडे कुणी मान वर करून बघत नाही.

तरी ओरिसियाने सहन केलं असतं. ती सोशिक होती, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. पण नाताळाआधी तिने घरून खसखशीचा रोल करून आणला. खसखस रात्रभर भिजवून, तीन वेळा वाटून, मध घालून केलेला. तिच्या सासूची कृती, आणि सासूने ती मरेपर्यंत सांगितली नव्हती, ओरिसिया ती चोरून बघून शिकली होती. रोल कापला, आणि देलोर्म साहेबांनी मधला, सगळ्यात जाड तुकडा उचलून व्हर्नाच्या बशीत ठेवला. "हिने खाल्लंच पाहिजे. सायकल मारून आली आहे."

व्हर्ना तो खाऊन म्हणाली, "छान आहे. जरा कोरडा झालाय का?"

तेव्हा ओरिसियाच्या तोंडून ते निघून गेलं. शब्द म्हणजे शिंक, आली की आली.

"सायकलचं काय एवढं? आम्ही लहानपणी शेतावरून शाळेला सायकलनेच जायचो, कमरेएवढ्या बर्फातून. सोमवारपासून मीही सायकलवर येणार आहे."

शाळेला ती पिवळ्या बसने जात होती, शेवटच्या सीटवर झोपून. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मग व्हर्नाने बशी खाली ठेवून हळू आवाजात विचारलं, "आणि तुझा खुंटा?"

"खुंटा?" ओरिसिया म्हणाली, "द्या की कुणालाही. सायकलवालीला खुंटा कशाला लागतो?"

माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण निदान आधी धोंडा किती जड आहे ते तरी उचलून बघावं. देलोर्म साहेबांना नियमांची भारी हौस. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की सायकली ठेवायच्या पिंजऱ्याची किल्ली हवी असेल तर गाडीची जागा सोडल्याची सही लागते. एका माणसाला दोन्ही नाही. वर किल्लीच्या कागदावर सायकलचा रंग आणि नंबर लिहायचा.

"रंग कोणता, ओरिसियाबाई?"

ओरिसियाकडे सायकलच नव्हती. "लाल," ती म्हणाली. लाल रंग तिला शोभतो असं तिला कुणीतरी तरुणपणी म्हटलं होतं.

"नंबर?"

"नंबर घरी आहे."

आणि तिने सही केली. अशी झोकदार सही तिने स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

घरी नेस्टर, म्हणजे तिचा नवरा, हॉकीची मॅच बघत होता. त्याने बातमी ऐकली आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. त्याच्या आयुष्यात हे दोनदाच घडलं होतं.

"तू सायकलवर? ह्या थंडीत? का?"

"व्यायाम म्हणून."

"व्हर्ना क्लासेन अजून सायकलवर येते का?"

"मला काय माहीत कोण कशावर येतं," ओरिसिया म्हणाली आणि बटाटे इतक्या जोरात सोलायला लागली की अर्धे बटाटे सालांबरोबर गेले.

लाल सायकल शेजारच्या हाल्डोर म्हाताऱ्याच्या शेडमध्ये निघाली. लाल म्हणजे मूळची लाल. आता तिचा रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो हे हाल्डोरलाही सांगता येईना. नंबरावर तर इतका गंज की रोमन म्हणून वाचावा की देवनागरी म्हणून, कळायला मार्ग नाही. ओरिसियाने मनाने एक नंबर ठरवून टाकला. हाल्डोर गिमलीकडचा मासेमार, गोठलेल्या तळ्यावर आयुष्य काढलेला, त्यामुळे थंडीबद्दल आपला शब्द शेवटचा असं त्याचं मत.

"चाकातली हवा कमी ठेव पोरी. मऊ चाक बर्फ धरतं."

समोरची लिगाया हॉस्पिटलात नर्स. ती रस्ता ओलांडून मुद्दाम आली. "हवा भरपूर भर. मऊ चाक घसरतं. आणि गालांना व्हॅसलीन थाप, जाड. नाक पडलेली माणसं मी बघितली आहेत."

"नाक कसं पडेल? चिकटलेलं असतं ते," हाल्डोर म्हणाला.

"पडतं. एकाचा कान पडलेला मी ट्रेमध्ये बघितला."

"बुटात ब्रेडच्या पिशव्या घाल," नेस्टर दारातून म्हणाला. "आमची आई घालायची."

"तुझी आई ब्रेडच्या पिशव्या डोक्यालाही घालायची," ओरिसिया म्हणाली, पण पिशव्या घातल्या.

एका चाकात हवा कमी आणि एका चाकात जास्त ठेवून दोघांचाही मान राखला गेला. शेजारपण टिकवायचं तर असं करावं लागतं. सायकल मात्र रोज डावीकडे ओढायला लागली.

पहिल्या दिवशी ओरिसिया निघाली ती गालांना व्हॅसलीन, पायांत ब्रेडच्या पिशव्या, डोळ्यांवर नेस्टरचा वेल्डिंगचा जुना चष्मा आणि तोंडाला मरून गेलेल्या सासूची शाल गुंडाळून. थंडी फार नव्हती, विनिपेगच्या मानाने. पण पुलावर वारा असा लागला की डोळ्यांतलं पाणी चष्म्यात साठून तिथेच गोठलं आणि समोरचं जग बर्फाच्या खिडकीतून दिसायला लागलं. शालीला तोंडाची वाफ लागून ती दगडासारखी झाली, म्हणजे सासू गेल्यानंतरही तिचं तोंड दाबत होती म्हणायचं. बर्फ सारणाऱ्या गाडीने रस्त्याच्या कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगात ती दोनदा गेली. तिसऱ्यांदा ती मुद्दाम गेली, कारण मागून बस येत होती. बसच्या खिडकीतून सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. एकाने हात हलवला. तिनेही हलवला, आणि हात काढल्यामुळे चौथ्यांदा गेली.

पण कचेरीचं दार दिसल्यावर तिचं मन भरून आलं. आता दार उघडेल, वाफेचा लोट जाईल, पापण्यांवर बर्फ, आणि देलोर्म साहेब उठतील.

दार उघडलं. वाफेचा लोट गेला. देलोर्म साहेब खरंच उठले. लगबगीने जवळ आले, आणि त्यांनी तिच्या हातात एक मोठा खोका ठेवला.

"बरं झालं लवकर आलास. हा ब्रँडनच्या कचेरीला पाठवायचाय. सही कुठे करू?"

त्यांना ती पार्सलवाला वाटली होती.

शाल गोठलेली असल्यामुळे तिला बोलताही येईना. ती खोका धरून उभी राहिली. तिच्या मागे दार पुन्हा उघडलं आणि व्हर्ना आत आली. "आली आमची वाघीण," कुणीतरी म्हणालं, आणि सगळी कचेरी ओरिसियाला वळसा घालून पुढे गेली.

पुढचे दिवस काय सांगावेत. लोकांना कळलं की ती ओरिसिया आहे, पण दुसऱ्या बाईने केलेल्या गोष्टीला कौतुक मिळत नाही. ते पहिल्या बाईलाच जातं, व्याजासकट. "बघा, व्हर्नाने ओरिसियालासुद्धा सायकलवर आणलं," असं म्हणायला लागले. आणि व्हर्ना नम्रपणे म्हणायची, "नाही हो, तिने स्वतःच ठरवलं." त्या नम्रपणाचा ओरिसियाला जितका राग यायचा तितका तिच्या पापण्यांचाही येत नसे. येता-जाता ती खुंट्याकडे बघायची. तिथे अजून कुणाची गाडी लागत नव्हती. प्लगाचं झाकण वाऱ्याने आपटत असायचं, म्हैस नसलेल्या गोठ्याच्या दारासारखं.

मग वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी येणार अशी बातमी आली, आणि देलोर्म साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली. कंपनीच्या कॅलेंडरसाठी फोटो काढायचा. कडाक्याच्या सकाळी, दारात, सायकलवर येणारी कर्मचारी. खाली लिहायचं, आम्ही कुठल्याही हवामानात तुमच्या सोबत.

"आधी जी पोचेल तिचा फोटो," साहेब म्हणाले, आणि व्हर्नाकडे बघून हसले. म्हणजे निकाल आधीच लागला होता.

ओरिसियाने ठरवलं, हे कॅलेंडर आपलं. वर्षभर प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात आपलं तोंड लटकलं पाहिजे आणि व्हर्नाने ते स्वतःच्या टेबलासमोर बघितलं पाहिजे. त्या संध्याकाळी तिने सायकल हाल्डोरच्या शेडमधून काढली आणि ओढत आपल्या बैठकीत आणली.

"गालिच्यावर?" नेस्टर म्हणाला.

"गाडीला रात्री प्लग लावतोस ना? का लावतोस?"

"इंजिन गोठू नये म्हणून."

"मग सायकलला काय जीव नाही?"

हे नेस्टरला पटलं, कारण तोही विनिपेगचाच. त्या गावात माणूस जन्मल्यापासून एकच गोष्ट शिकतो, की हिवाळ्यात वाहनाला ऊब द्यायची. वर त्याने डोकं चालवून भर घातली. आत जाऊन विजेचं पांघरूण आणलं, दोघांनी मिळून ते सायकलला गुंडाळलं, वायर भिंतीत खोचली आणि बटण सगळ्यात वर केलं. सायकलवरचा बर्फ वितळून गालिच्यावर टपटपायला लागला. ओरिसियाने तो केस वाळवायच्या यंत्राने वाळवला. गरम सायकलीवर हात फिरवून तिला इतका आनंद झाला की तेवढा तिला मुलांच्या जन्माच्या वेळी झाला होता का, हे तिने स्वतःशीही विचारलं नाही.

सकाळी लिगाया खिडकीतून ओरडली, "नाक झाक." हाल्डोर शेडच्या दारातून काहीतरी हातवारे करत होता, पण त्याचं ऐकायला वेळ नव्हता. सायकल लोण्यासारखी पळत होती. थंडी अशी की नाकातले केस काटे होऊन टोचत होते, पण ओरिसियाला वाटलं आपण आता उडणार. रस्त्यावर एकही सायकल नव्हती. व्हर्ना नव्हती. पुलाच्या मध्यावर सिग्नल लाल झाला, ती थांबली. हिरवा झाला, तिने पायडल मारलं.

पायडल फिरलं. सायकल हलली नाही.

तिने पुन्हा मारलं. पाय गरगर फिरले, साखळी फिरली, आणि मागचं चाक ढिम्म. जणू चाक म्हणत होतं, तुमचं चालू द्या, माझा काही संबंध नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला. ओरिसियाने आणखी जोर लावला. पुलाच्या मधोमध, सगळ्या वाहनांच्या पुढे, वेल्डिंगचा चष्मा घातलेली एक बाई जीव खाऊन सायकल चालवत होती आणि जागच्या जागी होती. मग ती सावकाश डावीकडे कलंडली, कारण डाव्या बाजूला ओढायची सायकलला सवयच होती.

उठून बघते तर मागून व्हर्ना. थांबली, उतरली.

"पाय फिरतात आणि चाक धरत नाही?"

ओरिसियाने दगड झालेली शाल बोटाने तोंडापासून जरा दूर केली. मान हलवली असती तर शाल मोडली असती.

"रात्री कुठे ठेवली होतीस?"

"बैठकीत. विजेच्या पांघरुणात."

व्हर्नाने कपाळाला हात लावला. "अगं, बर्फ वितळून पाणी चाकाच्या आत शिरलं. बाहेर आणलीस, पाणी गोठलं, आतले दात बसले चिकटून. सायकलला ऊब द्यायची नसते. थंडच ठेवायची, बाहेर, बर्फात. लाडावली की अशीच करते."

"तुला बरं सगळं माहीत."

"माझीही एकदा झाली होती. मीही पांघरूण घातलं होतं."

ती बसून गेली असती तर कॅलेंडर तिचं होतं. पण व्हर्ना सायकलवर बसली नाही. दोघी आपापल्या सायकली ढकलत चालायला लागल्या. ओरिसियाला हे फार बोचलं. दुष्ट माणसाचा हेवा करायला सोपं जातं. हा तर तिचा हक्काचा हेवा होता, तोही व्हर्ना हिरावून घेत होती.

"जा तू पुढे," ती म्हणाली. "तुझी हौस आहे. फोटो तुझाच."

"हौस?" व्हर्ना हसली, तशी तिच्या पापणीवरचा बर्फ तुटून पडला. "मला कुठली आली हौस? मला खुंटा नाही म्हणून सायकल. सकाळी गाडी घरून निघेल, घरी प्लग आहे. पण संध्याकाळी इथून ती सुरू कोण करणार? दर हिवाळ्यात मी साहेबांकडे खुंटा मागते. दर हिवाळ्यात ते म्हणतात, तुमच्यासारख्या हौशी बाईला प्लग कशाला. आणि हातात कॉफी देतात."

ओरिसिया थांबली.

"रोज संध्याकाळी तू गाडीत बसायचीस," व्हर्ना म्हणाली, "आणि गाडी एका हाकेत उठायची. मी पिंजऱ्याशी कुलूप गोठलंय म्हणून त्यावर फुंकर घालत असायची आणि मनात तुला शिव्या देत असायची. आता सांगायला हरकत नाही."

"का? आता काय झालं?"

"काल साहेबांनी तुझा खुंटा मला दिला. उद्यापासून गाडीने येणार. आज सायकलचा शेवटचा दिवस."

ओरिसियाला बोलायचं होतं. पुष्कळ बोलायचं होतं, आणि त्यातलं बरंचसं चर्चमध्ये बोलता येण्यासारखं नव्हतं. पण तोवर शाल पुन्हा तोंडाला चिकटून गोठली होती, आणि या एका वेळी सासूने तिच्यावर उपकार केले.

दोघी एकदमच दारात पोचल्या. देलोर्म साहेबांनी फोटो काढला. दोघींची तोंडं झाकलेली, दोघींच्या पापण्या पांढऱ्या, कोण कुठली ते त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं. साहेब म्हणाले, "बहुतेक डावीकडची व्हर्ना." डावीकडे ओरिसिया होती.

त्या संध्याकाळी तिने सायकल मागच्या अंगणात बर्फाच्या ढिगात फेकून दिली. मग विजेचं पांघरूण काढलं, कोचावर बसली, स्वतःला गुंडाळून घेतलं आणि वायर नेस्टरच्या हातात दिली.

"खोच."

"इंजिन गोठलं का?"

"बटण वाढव आणि मॅच बघ."

दुसऱ्या दिवशी सायकल बिनतक्रार चालली. बर्फात आपटल्यावर आतले दात सुटून ताळ्यावर आली होती, काही माणसांसारखी. आवारात शिरताना ओरिसियाने पहिल्या खुंट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तिने नीट बघितलं. व्हर्नाची छोटी निळी गाडी तिथे उभी होती, नाकातली वायर प्लगात, आणि बॉनेटवरचा बर्फ ऊन लागल्यासारखा पाझरत होता.

ओरिसिया आत शिरली. वाफेचा लोट, हेल्मेट, पापण्यांवर बर्फ.

"आली आमची वाघीण," कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी सगळे तिच्याकडे वळले. दुसरी कुणी नव्हतीच. "ह्या वयात," देलोर्म साहेब म्हणाले, आणि कप भरून दोन्ही हातांनी पुढे केला.

ओरिसियाने कप घेतला आणि फक्त साहेबांना ऐकू जाईल असं विचारलं, "पुढचा खुंटा रिकामा झाला तर माझं नाव..."

"तुमचं?" साहेब मोठ्याने हसले. "तुमच्यासारख्या हौशी बाईला प्लग कशाला, ओरिसियाबाई?"

तिने कॉफीचा घोट घेतला. इतकी वर्षं ज्या कॉफीसाठी टाचण्या मोडल्या, ती पाणचट होती. साखर नाही, धड गरमही नाही. ती बशीत ओतून द्यावी असं तिला वाटलं.

तेवढ्यात तिला व्हर्ना दिसली. व्हर्ना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती, केस कोरडे, बूट कोरडे, गालांवर ऊब. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. आणि ती मान उंच करून ओरिसियाच्या कपाकडे बघत होती.

ओरिसियाने कप दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि आणखी एक घोट घेतला. सावकाश, जिभेवर घोळवत, अमृत प्यावं तसा.